थंडीभर हिला कोण ठेवून घेईल?

"दी इज कोल्ड, फ्रेंड. कम बाय द फायर."

भर जूनमध्ये घामानं माझं पोलकं पाठीला चिकटलेलं असायचं, तरी ती हेच म्हणायची. तू गारठलीस गं, ये जाळाजवळ. म्हणायची आणि मांडीवरचं मांजर उठवल्यासारखा दोन्ही हातांनी एप्रन झटकायची. मग बाकड्यावर सरकायची. बाकडं लांबलचक, बसणारी ती एकटी, तरी सरकायची. कुणी आलं की आधी सरकायचं, मग बोलायचं, अशी तिची रीत. तुम्हीही बघितली असतील अशी माणसं. त्यांच्याजवळ द्यायला काही नसतं, मग ती जागाच देतात.

मी मुलाकडं राहते, इथं अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात. मुलगा विद्यापीठात कामाला आहे. सून पुण्याची, तिलाही नोकरी. मी दिवसभर गॅलरीत बसून खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघायची. कुठली कधी गेली, कुठली कधी आली, सगळं मला पाठ. सुनेला ते बघवेना. एक दिवस म्हणाली, "आई, तुम्हाला शिवण येतं ना? चला, एक जागा दाखवते. पगार नाही देत, पण माणसं भेटतील."

ती जागा म्हणजे एक जुनं गाव. म्हणजे जुनं करून ठेवलेलं. ओंडक्यांची घरं, मोठाल्या चुली, मेंढ्या, एक चावरा हंस. इंग्रजांनी म्हणे इथंही राज्य केलं. मला ते नवीनच. तर त्या राज्यात इथले लोक कसे राहायचे, काय खायचे, ते दाखवायला हे गाव ठेवलंय. तिथली माणसं तसे कपडे घालतात, तसंच बोलतात आणि लोक तिकीट काढून बघायला येतात. माझं काम त्यांचे कपडे शिवायचं, उसवलेलं नीट करायचं.

पण पहिल्या दिवशी हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. सून सोडून गेली, आणि मला दिसली ती. माझ्याच वयाची. अंगावर फाटकी शाल, मोज्याला टाचेशी भोक, चुलीवर नुसतं मक्याचं पीठ रटरटतंय. मी म्हणलं, देवा, अमेरिकेतही इतकी गरिबी? पुढच्या वेळी जाताना मी चार पोळ्या आणि शेंगाची चटणी बांधून नेली आणि तिच्या हातात दिली.

सगळे हसले. तिथली मॅनेजरबाई तर पोट धरून हसली. "शी इज अॅक्टिंग!" म्हणाली. म्हणजे ही गरीब विधवेचं सोंग करते, खरी नव्हे.

ती मात्र हसली नाही. तिनं पोळी उलगडली, चटणी लावली, गुंडाळी केली, बाकड्यावर बसून खाल्ली. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी थांबली नाही. उरलेल्या पोळ्या एप्रनच्या खिशात ठेवल्या. त्या सगळ्यांत खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं. तिला पोटातून, आणि मला चुकून.

ती सगळ्यांना "दी" म्हणायची. सुनेनं मला समजावलं, दी म्हणजे तू. त्या काळी इथं एक पंथ होता, क्वेकर. ते लोक राजालाही तू म्हणायचे आणि गड्यालाही तू. कुणापुढं टोपी काढायची नाही. दिसेल त्याला "फ्रेंड" म्हणायचं. मला हे बरं वाटलं. इथं आल्यापासून मला बरोबरीनं तू म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. मुलगा आई म्हणतो, सून अहो आई म्हणते, बाकीचे मॅडम म्हणतात. "अगं ए" म्हणणारी बाई बार्शीला राहिली. इथं ही एक मिळाली. मी पण तिला "अगं बाई" म्हणायची. तिला वाटायचं ते माझं फ्रेंडच.

जिभेची तिखट होती. एक माणूस फोन समोर धरून तिची शूटिंग घेत घेत आत आला. ही म्हणते, "मित्रा, तोंडापुढं पाटी का धरलीस? अभ्यास झाला नाही का?" बायको हसून हसून दाराला टेकली त्याची. कुणी विचारायचं, तेव्हा दवाखाने नव्हते, मग आजारी पडल्यावर काय करायचा? ती चुलीतली लाकडं सारत म्हणायची, "मरायचो." लोक खो खो हसायचे. रोज हाच प्रश्न आणि रोज तेच उत्तर, आणि लोक रोज हसायचे.

तिचा नवरा लांबलेल्या आजारानं गेलेला. राहतं घर त्या दुखण्यात गेलेलं. हे मला नंतर कळलं. त्यानंतर ती "मरायचो" म्हणाली की मी सुईत दोरा ओवायला मान खाली घालायची.

कसं कळलं ते सांगते. सप्टेंबरात एकदा सुनेला लवकर जायचं होतं, तिनं मला उजाडतानाच गावाशी सोडलं. कुणी आलं नव्हतं. मेंढ्यांच्या गोठ्यामागं तिची निळी गाडी उभी. काच आतून ओली. पाणी ओघळत होतं. बाहेर तर दव नव्हतं. बंद जागेत माणूस निजलं की काच अशी घामेजते. मी जवळ गेले. आत ती, अंगावर गावातलीच गोधडी, मी शिवलेली. तिनं डोळे उघडले, मला बघितलं, आणि काय करावं तिनं? शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मागं टाकली. माझ्यासाठी जागा केली.

"दी इज कोल्ड," म्हणाली.

मी आत बसले. माझं इंग्रजी म्हणजे चार शब्द आणि दोन हात. पण ते बोलणं कळायला इंग्रजी लागत नाही. ती मार्चपासून गाडीत राहत होती. मॅनेजरबाईला कळलं तर गावातून काढतील, तिथं रात्रीचं राहायला मनाई आहे. आणि ते गाव सोडून तिला दुसरं काही उरलं नव्हतं. ऑक्टोबर संपला की गावाच्या फाटकाला साखळी पडते, ती एप्रिलला निघते. उन्हाळा गाडीत काढता येतो. इथल्या थंडीत गाडीत माणूस मरतं. निराधारांची एक जागा आहे, तिथं नाव दिलेलं, पण तिथं आधीच दाटी.

"एप्रिलपर्यंत," ती बोटानं डोक्यावर छप्पर काढून म्हणाली. "एप्रिलपर्यंत एक छप्पर, फ्रेंड. दुसरं काही नको."

मग माझा हात धरून म्हणाली, "नो वन." कुणाला सांगू नकोस.

नाही सांगितलं. माझा नवरा गेला तेव्हा पोरगा कडेवर होता. दिरानं खोली मागितली. परकर शिवायच्या कारखान्यात मी कामाला होते, तिथंच मशिनीखाली आम्ही मायलेकरं निजायचो. शेठाणी सकाळी कुलूप काढायला यायची, आमचं अंथरूण तिला दिसायचं, आणि ती न बघितल्यासारखं करायची. एका शब्दानं कधी विचारलं नाही. तेवढ्यावर माझं पोर वाढलं. न बघितल्यासारखं करणं हाही कधी कधी मोठा उपकार असतो, म्हणून मीही तेच केलं. फक्त डबा दोघींचा न्यायला लागले.

पण बार्शीला बर्फ पडत नाही.

ऑक्टोबरात गावात शेवटच्या रविवारच्या खेळाची तयारी सुरू झाली. त्या दिवशी तिथं गरिबांचा लिलाव करून दाखवतात. मला आधी वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं. पण खरंच तसं व्हायचं म्हणे त्या काळी इथल्या गावांमधून. ज्याला कुणी नाही त्याला गावापुढं उभं करायचं आणि विचारायचं, थंडीभर हिला कोण ठेवून घेईल? जो सगळ्यात कमी पैसे मागेल त्याच्या घरी ती जायची, पैसे गाव द्यायचं. आणि गावाचं खाणाऱ्या माणसाच्या उजव्या बाहीवर लाल कापडाचं एक अक्षर शिवायचं, पी, म्हणजे पॉपर, कंगाल. लांबून कळावं, हा फुकटा आहे.

मॅनेजरबाई मला म्हणाली, "विधवेच्या बाहीवर एक मोठा लाल पी."

मी चौथी शिकलेली. पी म्हणजे प, एवढं मला येतं. मी चांगलं जाड लाल कापड घेतलं, खडूनं आखलं आणि झकास प शिवला. कड दुमडून, बारीक टाक्यांनी.

मॅनेजरबाईनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "हे काय? उलटं आहे! आणि वर ही आडवी रेघ कसली?"

मी म्हणलं, "पी. माय पी."

ती उसवायला कात्री शोधायला लागली. विधवेनं बाही हातात घेतली, प वरून बोट फिरवलं, वरच्या रेघेवर थांबली.

"राहू दे," म्हणाली. "हिच्या पी ला छप्पर आहे."

मॅनेजरबाई हसली. म्हणाली, "ठीक आहे, लांबून कुणाला कळतंय!" मी हसले नाही. तीही नाही.

तो रविवार उजाडला. गर्दी झाली. पोरं बापांच्या खांद्यावर, हातात सफरचंदाच्या गरम सायडरचे पेले. तिला एका खोडक्यावर उभं केलं. शेजारी कोतवाल. हा एक निवृत्त मास्तर, स्वभावानं गरीब, पण त्या तिकोनी टोपीत भलताच रुबाब यायचा त्याला. त्यानं काठी आपटली.

"थंडीभर हिला कोण ठेवून घेईल?"

लोक मजेत ओरडायला लागले. कुणी वीस शिलिंग म्हणालं, कुणी पंधरा. आपल्याकडं लिलावात भाव चढतो. इथं उतरत होता. प्रत्येक आकड्याला ती खोडक्यावर थोडी थोडी कमी होत होती.

तिला म्हणायला वाक्यं दिलेली होती. मी चार वेळा ऐकलेली, सरावात. मला सूत कातता येतं, लोकर पिंजता येते, मी खाते कमी. तेवढी ती म्हणाली. पुढं तिला गप्प राहायचं होतं. ती गप्प राहिली नाही.

"मी घोरत नाही," म्हणाली. लोक हसले. "मला खाट नको. जमीन चालते. मी भांडी घासीन. बाथरूम घासीन. माझी गाडी आहे, तुमची कामं करून देईन."

गाडी म्हणल्यावर तर हशा पिकला. तीनशे वर्षांपूर्वी कुठली गाडी! कोतवाल तिच्याकडं झुकून कुजबुजला, "गाडी नाही, गाडी नाही." त्याला वाटलं ती चुकली. ती त्याच्याकडं बघतच नव्हती. ती गर्दीतलं एक एक तोंड बघत होती. "फक्त एप्रिलपर्यंत," म्हणाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काय सुंदर करते, म्हणाले.

मी शिवणाच्या खोलीच्या दारात उभी होते. मला माहीत नाही मी पुढं कधी गेले. लुगड्याचा ओचा धरून मी त्या गोऱ्या माणसांतून वाट काढली आणि हात वर केला.

"झीरो!" मी ओरडले. "नो मनी. माय होम. कम."

सगळे वळले. आणि मग जो काय हशा! हिंदुस्तानातली म्हातारी खेळ खरा समजली, म्हणून. प्रेमानंच हसत होते, वाईट कुणी नव्हतं. कोतवालानं काठी आपटली, "झीरोवर गेली!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती खोडक्यावरून उतरली. मी तिचा हात धरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "डज दी मीन इट?" खरंच म्हणतेस का तू?

मी म्हणलं, "खरंच."

घरी मुलाला सांगितलं. तो भाजी चिरत होता, सुरी तशीच राहिली हातात.

"आई, तू विचारायचं तरी!"

"विचारायला वेळ नव्हता. भाव उतरत होता."

"अगं हे असं चालत नाही इथं. लीजवर आपल्या तिघांची नावं आहेत. माझं ग्रीन कार्ड अजून यायचंय. काही झालं, कुणी तक्रार केली तर? आणि झोपणार कुठं ती?"

"माझ्या शेजारी. हॉलमध्ये. मी माझ्या अंथरुणातली जागा देते, तुझी मागत नाही."

त्यानं भाजी पुन्हा चिरायला घेतली. सून म्हणाली, "अहो, येऊ द्या ना थोडे दिवस. मी शेल्टरला फोन करत राहते." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पण आई, खरं सांगते, मला भीती वाटते." मी म्हणलं, "मलाही वाटते. ती येईल तोवर वाटू दे."

ती आली. एक पिशवी आणि ती. आंघोळ करून बाहेर आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा उघड्या डोक्यानं बघितलं, टोपीशिवाय. केस अगदी विरळ, पोरीसारखे ओले. वरणभात खाल्ला. सोफ्याच्या टोकाला बसली, आणि सून चहा घेऊन आली तर ही सरकली. सोफा आमचा, आणि जागा ती करून देत होती.

जे दिवस राहिली, त्यांत तिनं घर घासून काढलं. सून म्हणायची, "प्लीज, बसा हो." ती बसायची नाही. रात्रीची एका कुशीवर निजायची, श्वास रोखून. खरंच घोरत नव्हती. मी अंधारात म्हणायची, "अगं बाई, घोर की जरा, कोण ऐकतंय."

मग इमारतीच्या ऑफिसातला माणूस आला. गोड बोलला. कुणीतरी कळवलं होतं, जास्तीचं माणूस दिसतं म्हणून. लीजवर नाव घाला, नाहीतर पाहुण्याची मुदत संपलीय. नाव घालायचं तर तिची मागची कागदपत्रं, कर्जं, सगळं तपासणार. मुलगा दारात उभा राहून "येस, येस, सॉरी" म्हणत होता. मी त्याचा तो आवाज ओळखते. त्याच्या लहानपणी दिरापुढं मी बोलायची तो.

ती आत उभी राहून ऐकत होती. त्याच दुपारी पिशवी भरली.

मी दारात आडवी उभी राहिले. "नाही जायचं. मी बोलते त्याच्याशी."

"तुझ्या मुलाचं कार्ड यायचंय, फ्रेंड," ती म्हणाली. तिला सगळं समजलेलं होतं. "मी खालीच आहे."

आणि खालीच राहिली, पार्किंगच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या पेटीपलीकडं, जिथं ऑफिसातून दिसत नाही. मी सकाळ-संध्याकाळ गरम डबा न्यायची. मुलगा रोज कामाला जाताना तिच्या गाडीच्या काचेवर टकटक करायचा आणि कॉफी द्यायचा. एकदा लिफ्टमध्ये माझ्यासमोर रडला. मी म्हणलं, "रडू नकोस. तुझं चुकलं नाही, तिचं चुकलं नाही." एवढंच म्हणता आलं. माझ्या नावावर एक खोली असती तर पुढचं काही म्हणले असते.

सुनेनं आपलं सगळं केलं. शेल्टर, चर्च, देऊळ, मराठी मंडळाचा ग्रुप, कुणाला सोडलं नाही. लोक चांगले. कुणी ब्लँकेट दिलं, कुणी जेवण. छप्पर कुणी दिलं नाही. ती निघून गेल्यावरही सुनेनं फोन लावले, पोलिसांत विचारलं, दवाखान्यात विचारलं. नाव सांगितलं की म्हणायचे, अशी कुणी नाही. ती कुठं आहे ते अजून कळलेलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा ती बरी होती. उलट जरा जास्तच बोलली. डबा लगेच रिकामा करून दिला, एरवी सकाळी द्यायची. टिशूनं पुसून दिला. माझ्या नखांकडं बघून म्हणाली, वाढलीत, दोरा अडकेल. मला त्यात काही वाटलं नाही. गार वारा सुटला होता, मी लवकर वर आले.

सकाळी उठून गॅलरीत गेले. रात्रीत बर्फ पडलेलं, पहिलंच, आणि अजून भुरभुरत होतं. सगळ्या गाड्या पांढऱ्या. कोपऱ्यात मात्र पांढऱ्यात एक काळा चौकोन होता, गाडीएवढा, कोरडा. चाकांच्या दोन रेघा तिथून निघून रस्त्याला लागल्या होत्या. म्हणजे बर्फ पडत होतं तोवर ती तिथं होती, नुकतीच निघालेली. ते पडताना तिनं काचेतून बघितलं असणार.

मी मुलाचा कोट घातला आणि खाली गेले. डबा घेतला होता बरोबर, का घेतला माहीत नाही. त्या चौकोनात जाऊन उभी राहिले. पायाखालचं डांबर अजून कोरडं होतं. वरून मुलगा हाका मारत होता, आई, वर ये, आई. मी उभीच राहिले. हळूहळू माझ्या भोवतीनं ते भरत आलं, आधी कडा, मग मधलं. मग कुठं गाडी होती ते मलाही दाखवता आलं नसतं.